कानात सांगितलेली चव

माझ्या नवऱ्याला लोक ‘रसिक’ म्हणायचे, आणि ते अशा थाटात की जणू ती त्याला मिळालेली पदवीच आहे. दर रविवारी पेपरात त्याचा लेख यायचा. कधी एखाद्या हॉटेलातल्या जेवणावर, कधी चित्रांवर, कधी गाण्यावर. तो वाचून म्हणे अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसायची आणि काहीतरी खायला मागायची. मी त्याला चारचौघांत ‘अहो’ म्हणायचे, घरातही ‘अहो’च म्हणायचे, पण इथे ‘तो’ म्हणणार आहे. ज्यानं माझ्या दंडावर तापलेला चमचा टेकवला त्याला मान द्यायची मला हौस नाही.

आमची जोडी गाजलेली होती. कुठल्याही हॉटेलात गेलो की आम्ही एकच ताट मागवायचो. पहिला घास मी घ्यायचे, तो चावून गिळायचे आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळूच काहीतरी बोलायचे. तो डोळे मिटून मान डोलवायचा. शेजारच्या टेबलावरच्या बायका आपापल्या नवऱ्यांना कोपरानं ढोसायच्या, “बघा, शिका जरा काहीतरी.” एकदा एका वेटरनं तर आमच्यासाठी न मागता मेणबत्ती आणून ठेवली आणि बिचारा लाजून पळाला.

मी कानात काय बोलत होते ते त्या बायकांना कळलं असतं तर त्या चमचे टाकून उठल्या असत्या. मी सांगत होते, “आधी लिंबू. मग लोणी, पण जरा करपवलेलं, भाजलेल्या दाण्यांसारखं. गिळल्यावर मागे लोखंडाची चव राहते, कलेजीची.” कारण त्याला स्वतःला यातलं काहीच कळत नव्हतं. रसिकाचं नाक मेलं होतं.

ते मारलं एका आचाऱ्यानं. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती तेव्हा. त्या आचाऱ्याच्या सुपाबद्दल यानं लिहिलं होतं की हे सूप पिण्यापेक्षा त्यात बुडून मरणं सोपं. लोक खूप हसले. आचारी हसला नाही. तो हॉटेलच्या मागच्या दाराशी लोखंडी तवा घेऊन उभा राहिला आणि माझा नवरा बाहेर पडला तसा त्यानं तो त्याच्या डोक्यात मागून घातला. टाके पडले, जखम भरली, केसही उगवले. पण वास परत आला नाही. डॉक्टरनं समजावून सांगितलं की डोक्याला मागून मार बसला की मेंदू पुढे आदळतो आणि नाकाच्या वरच्या नाजूक नसा तुटतात. “जीभ शाबूत आहे,” डॉक्टर म्हणाले. “खारट, गोड, आंबट, कडू कळेल. बाकी सगळी चव म्हणजे नाकाचंच काम असतं हो.” दवाखान्यात तो हसून “ठीक आहे” म्हणाला. घरी येऊन त्यानं कपाटातली एकूण एक बशी भिंतीवर फोडली, आणि बशा संपल्यावर मी होतेच.

आता माझ्याबद्दल. मी जन्माची खादाड. आई म्हणायची, ही पोरगी दुधावर नाही, वासावर वाढली. कांदा लोण्यात पडला की आधी त्याचा उग्र दर्प येतो, मग तो गोडसर होतो, आणि कडा तपकिरी व्हायला लागल्या की असा काही वास सुटतो की कडाकडा भांडणारी माणसंही भांडण अर्धवट सोडून चुलीपाशी येऊन उभी राहतात. ताज्या पावाचं कवच नखानं मोडल्यावर आतून येणारी वाफ. हाडांचा रस्सा आटत आटत ओठांना चिकटायला लागतो ती वेळ. कोळंबीचं डोकं चोखताना घशात उतरणारा तो खारट, लबाड समुद्र. मला दागिने नकोत, साड्या नकोत, मला हे हवं असायचं. आणि लग्नाआधी त्यानं मला पटवलं तेही याच गोष्टींवर. बागेतल्या बाकावर बसून त्यानं मला नुसत्या एका उकडलेल्या बटाट्याबद्दल असं काही सांगितलं की मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. त्या तोंडाला मी भाळले.

त्यामुळे त्याची जीभ व्हायचं ठरलं तेव्हा मला आनंदच झाला. मी खाणार, सांगणार, तो लिहिणार. अडचण एवढीच होती की खाताना मला शब्द सुचत नसत.

“कसा आहे मासा?” त्यानं पहिल्याच आठवड्यात घरी विचारलं.

“छान आहे,” मी म्हणाले.

“छान? छान हवा असते. शेजाऱ्यांची मुलगी छान असते. मासा कसा आहे?”

“ताजा आहे. अगदी ताजा.”

त्यानं माझी करंगळी धरली आणि सावकाश मागे वळवायला लागला. आवाज चढवला नाही. “सांग,” म्हणाला.

“काकडी!” मी ओरडले. “सोललेल्या काकडीसारखा वास आहे!”

त्यानं बोट सोडलं, कागद ओढला आणि लिहायला लागला. रविवारी तेच वाक्य छापून आलं. सुजलेल्या बोटाला पट्टी बांधून मी ते वाचलं, आणि खोटं कशाला बोलू, वाक्य चांगलं होतं.

त्याला त्या दिवशी एक गोष्ट कळली, की मला दुखलं की शब्द सापडतात. मग काय, लॉटरीच लागली. करंगळीनंतर केस झाले, केसांनंतर पट्टा झाला, आणि मग चमचा. गॅसवर चमचा लाल होईपर्यंत धरायचा आणि दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते तिथे, टेकवायचा. मी लांब बाह्यांचे कपडे घालायला लागले. त्या वर्षी शहरातल्या चार बायकांनी तशा बाह्या शिवून घेतल्या, रसिकाची बायको घालते म्हणून. मला हसू येत होतं, पण हसलं की बरगडी दुखायची.

चित्रांचं आणि गाण्याचंही तेच. डोळे त्याचे चांगले होते, कानही. पण नाक गेल्यापासून सगळंच त्याला कोरडं लागायला लागलं होतं. पूर्वी लिंबांचं चित्र बघून त्याचे दात आंबायचे. आता तो चित्रापुढे उभा राहून माझा दंड चिमटीत धरायचा. “या निळ्याची चव सांग.” मी सांगायचे, “थंडीत नळाला तोंड लावून पाणी प्यायलं की दात शिवशिवतात, तशी.” एका गायिकेच्या खालच्या सुराला मी भाजलेला कांदा म्हटलं. लेख वाचून ती बाई फुलं घेऊन आमच्या घरी आली आणि त्याचे हात हातात घेऊन म्हणाली, “माझं गाणं आजवर कुणी असं चाखलं नव्हतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “किती नशीबवान आहात हो तुम्ही!” मी “हो ना” म्हणाले आणि बाही खाली ओढली.

सोडून का नाही गेले? माझी मोठी बहीण हेच विचारायची. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि पडदे शिवते. तिचा स्वयंपाक म्हणजे औषध. पोटात जातो, भूक भागते, बाकी काही अपेक्षा ठेवायची नाही. “ये गं इकडे,” ती म्हणायची, “दोघी मिळून शिवू. मशीन दुसरं पडून आहे.” मी तिला मुलीच्या शाळेचं कारण सांगायचे. खरं कारण सांगायची लाज वाटायची. त्याच्याबरोबर मला जे खायला मिळत होतं ते ताईकडे सात जन्मांत मिळालं नसतं. मार खाल्लेल्या तोंडानंही मी जेवत होते, आणि जेवताना सुखात होते. हे कुणाला पटणार नाही, पण तसंच होतं.

आमची मुलगी चौथीत होती. नाक बसकं म्हणून मी तिला लाडानं नकटी म्हणायचे. त्या बसक्या नाकात काय ताकद होती ते फक्त मला ठाऊक होतं. जिन्यावरून वर येता येता ती सांगायची, “खालच्या आजोबांचं दूध लागलंय. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आज डोक्याला तेल लावलंय, पण जुनं.” माझ्यापेक्षाही तिचं नाक तिखट होतं, आणि शब्द तर तिला मारल्याशिवायच सुचायचे. म्हणूनच मी तिला बजावून ठेवलं होतं, बाबांसमोर वासाचं नाव काढायचं नाही. माझ्यानंतर हिची पाळी लागणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या घरात मला एकच गोष्ट वाचवायची होती, नकटीला त्या टेबलापासून लांब ठेवायचं.

मग ती अळंब्यांची दुपार आली. त्यानं कुठूनतरी लोण्यात परतलेल्या अळंब्या डब्यातून आणल्या होत्या. मी एक खाल्ली आणि म्हणाले, “जुनं लाकडी कपाट उघडल्यासारखं.”

“हे तू मागे त्या चीजबद्दल म्हणाली होतीस.”

“मग दोघांची चव तशीच असेल.”

उलट बोलायला नको होतं, पण माझंही डोकं फिरलं होतं. तिखट तोंड ही आमच्या माहेरची देणगी. त्यानं मला दोन्ही खांद्यांना धरलं आणि मागे ढकललं. ढकललं कसलं, फेकलं. माझं डोकं ओट्याच्या दगडी कडेवर आपटलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि मी खाली बसले. तो वरून म्हणाला, “आता सांग.” मी काय सांगितलं ते आठवत नाही, पण त्यानं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी केली आणि पहिल्या घोटाला वाटलं, पूड टाकायची विसरले की काय. बघितलं तर कॉफी काळीकुट्ट होती. मी कॉफीच्या डब्यात नाक घातलं. काही नाही. मिरीच्या डब्यात घातलं, शिंका आल्या, पण वास नाही. कांदा चिरला, डोळे चुरचुरले, वास नाही. पाव तोंडात घातला तर ओलं फडकं चावतेय असं वाटलं. आचाऱ्यानं त्याचं जे केलं होतं तेच त्यानं माझं केलं होतं, फक्त तव्याऐवजी ओटा होता. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि तोंडात पदर कोंबून रडले. इतक्या वर्षांत मार खाऊन मी कधी अशी रडले नव्हते. हाडं मोडली तर सांधतात. माझं सगळं सुखच त्यानं मोडून टाकलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

रडून झाल्यावर भीती वाटायला लागली. त्याला कळलं तर तो दुसरं नाक शोधेल, आणि ते नाक घरातच होतं.

हॉटेलात मी आठवणींवर भागवायला लागले. पदार्थ नुसता बघून जुनं काहीतरी सांगायचे. घरी डबे यायचे तेव्हा मात्र पंचाईत, कारण घरी तो समोर बसून एकेक शब्द तपासायचा. एकदा स्वयंपाकघरात डबा उघडून मी भांबावून उभी होते. नकटी नुकतीच शाळेतून आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि टाचा उंचावून माझ्या कानात म्हणाली, “आई, याच्यात संत्र्याची साल आहे. आणि मांजराच्या पिल्लाच्या पोटासारखं काहीतरी. ऊबदार.”

तिला कधी कळलं होतं कोण जाणे. मी तिला काही बोलले नव्हते.

तेव्हापासून आमचं ते सुरू झालं. मी दाराआड तिला एक चमचा द्यायचे, ती माझ्या कानात सांगायची, मी बाहेर जाऊन त्याच्या कानात सांगायचे. एवढंच, मी स्वतःला समजावायचे, टेबलावर तर बसवत नाही ना तिला. आणि काय सांगायची ती! जुन्या चीजला ती म्हणाली, “पावसात भिजलेले मोजे, पण आपल्या माणसाचे.” संपादकाचा फोन आला की तुमच्या लेखणीला नवी पालवी फुटली आहे. तो खुशीत होता, महिनाभर चमचा तापला नाही. मला अभिमान वाटायचा. त्याहून वाईट म्हणजे मला चटक लागली. तिचे शब्द कानात पडले की क्षणभर जिभेवर काहीतरी हलायचं. माझं खाणं आता तेवढंच उरलं होतं. तो घरी नसतानाही मी तिला बोलवायचे. “नकटे, ये, हा जर्दाळू खा, आणि सांग.”

एका सुट्टीच्या दिवशी भरदुपारी त्यानं भाजलेल्या मेंढीच्या मांसाचा डबा आणला. शिवाय माशांच्या सुपाचा. लेख संध्याकाळी द्यायचा होता. मी नकटीला आत बोलावलं. खाली तिच्या मैत्रिणी दोरीवरच्या उड्या मारत होत्या, तिला हाका येत होत्या. तिनं घास घेतला न घेतला आणि म्हणाली, “छान आहे, आई. जाऊ?”

“छान म्हणजे काय?”

“मांसासारखं आहे.”

बाहेर तो टेबलावर पेन आपटत होता. “नीट सांग,” मी म्हणाले.

“मला नाही माहीत. मला खेळायला जायचंय.”

“नीट सांग म्हणते ना!” आणि माझा हात वर गेला.

नकटी झटकन खाली बसली. तिनं दोन्ही कोपरं कानांवर दाबली आणि मान छातीत घातली. कसं बसायचं, कुठलं हाड आधी झाकायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरात बघून आलं होतं ते. माझा हात तसाच वर राहिला. मी त्या हाताकडे बघितलं. तो हात माझा वाटत नव्हता.

मी तिला उचललं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तडक बाहेर गेले.

“मला वास येत नाही,” मी त्याला म्हणाले. “तुम्ही ओट्यावर आपटलंत तेव्हापासून. चवही नाही. संपलं ते.”

मी मनाशी हिशेब केला होता. निकामी जीभ कोण पोसतो? मारेल, हाकलून देईल. मी मुलीला घेऊन ताईकडे जाईन. मला वाटलं, कसं सोपं आहे, आधी का नाही सुचलं.

त्यानं आधी खात्री करून घेतली. त्याला तपासणी ठाऊक होती, डॉक्टरनं त्याचीही केली होती. माझे डोळे तळहातानं झाकून त्यानं एक फोड तोंडात घातली. मी म्हणाले, “सफरचंद?” तो कच्चा कांदा होता. मग त्यानं मला मारलं. ते सगळं सांगत नाही. एवढंच सांगते की मध्येच एक दात फरशीवर पडलेला दिसला आणि तो माझाच आहे हे कळायला जरा वेळ लागला. केसांना धरून त्यानं मला स्वयंपाकघरात ओढत नेलं, कचऱ्याच्या डब्यात माझं तोंड दाबलं आणि ओरडला, “हे? हेही येत नाही?” नकटी फ्रिजला पाठ लावून उभी होती. मी डब्यातून तिला म्हणाले, “बाहेर जा.” ती गेली नाही.

मग तो थांबला. दम लागला होता त्याला. स्वयंपाकघरातल्या टेबलाला टेकून तो म्हणाला, “पण मग इतके दिवस सांगत कोण होतं?”

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. सगळा हिशेब मांडला आणि हाच विसरले. माझे डोळे फ्रिजकडे गेले. तेवढं त्याला पुरलं.

“नकटे,” तो म्हणाला. “बाळा, इकडे ये.”

बाळा! दहा वर्षांत त्यानं तिला कधी बाळा म्हटलं नव्हतं. त्यानं तिला उचलून खुर्चीवर बसवलं, गळ्याशी रुमाल बांधला, मांसाचा एक तुकडा छोटा करून चमच्यात घेतला. मी फरशीवर होते. उठायला गेले तर गुडघा वळत नव्हता.

“एवढंसं खा आणि बाबांना सांग.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. पण घास तोंडात गेला होता, आणि ती माझीच मुलगी. तिचे डोळे मिटले. “वरचं काळं आहे ना बाबा, ते गोड आहे. साखर करपल्यासारखं. आणि आत...” ती थांबली, चावलं. “आत नव्या दप्तरासारखं आहे. शाळेच्या पहिल्या दिवशीच्या.”

“दप्तर!” तो ओरडला. “नवं कातडं! वा! वा गं माझी राणी!” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं. इतक्या वर्षांत मला त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं. त्यानं तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि नकटी हसली. भीत भीत, पण हसली. बापानं पहिल्यांदा कौतुक केलं होतं ना. ते हसू बघून मला पडलेल्या दातापेक्षा जास्त दुखलं.

“आता हे.” त्यानं माशांचं सूप पुढे ओढलं.

तिनं चमचाभर घेतलं. माझ्या तोंडातून फरशीवर रक्त गळत होतं, तिकडे तिची नजर गेली. “छान आहे,” ती म्हणाली.

“छान म्हणजे?”

“माहीत नाही, बाबा.”

“आठव.”

“मला नाही येत.”

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट टेबलावर दाबून धरलं, बसल्या बसल्या उजवा हात लांब करून शेगडी पेटवली, आणि एक कोरडा चमचा जाळावर धरला. दूध तापवावं इतक्या सहज. “घाबरू नकोस,” तो तिला समजावत होता. “तुझ्या आईलाही आधी यायचं नाही. मग आपोआप यायला लागलं.”

ओट्याखाली मिरी कुटायचा खलबत्ता होता. मी बत्ता उचलला. गुडघा वळला की नाही ते आठवत नाही, पण मी उभी होते. चमचा जाळावरून निघून टेबलावर आला तेव्हा मी बत्ता दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर हाणला. चमचा उडाला. त्यानं नकटीला सोडलं आणि ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत मी दुसरा हाणला, बोटांवर, टेबलाच्या कडेवर धरून. कोंबडीचा पंख मुरगळून मोडला की जो आवाज होतो तोच झाला. मला तो आवाज चांगला ओळखीचा. तो खाली पडला आणि मीही त्याच्यावर पडले. मग खांदा, मग बरगड्या, मग पुन्हा तोच हात. तो रडत होता, “अगं, अगं” म्हणत होता. मला कसं वाटत होतं? बरं वाटत होतं. सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं. कित्येक महिन्यांनी माझ्या अंगाला काहीतरी चवदार लागलं होतं. मी बत्ता डोक्याच्या वर नेला आणि त्याच्या टाळूवर नेम धरला.

“आई,” नकटी मागून म्हणाली, “खूप रक्ताचा वास येतोय.”

मी बत्ता खाली ठेवला.

सापडल्या त्या चपला पायात घालून आम्ही दोघी निघालो. हॉस्पिटलात त्यानं सांगितलं की गाडीच्या दारात हात सापडला आणि मग जिन्यावरून पडलो. खरं काय सांगणार होता? की रसिकाला वास येत नाही, आणि त्याची जीभ त्याला मारून पळाली? पेपरवाल्यांनी लेखक आजारी असल्याची चौकट छापली. आमच्या मागे तो आला नाही, माणूसही पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ताईच्या टेबलावर जेवायला बसलो. पडद्यांचं कापड बाजूला सारून तिनं ताटल्यांपुरती जागा केली होती. माझं तोंड सुजलेलं, म्हणून तिनं सूप केलं होतं. काय काय घातलं होतं देव जाणे, हाताला येईल ते घालते ती. मी एक चमचा घेतला. गरम होतं. बाकी काही नाही.

नकटीनं एक चमचा घेतला आणि थबकली. तिच्या भुवया वर गेल्या. तिनं ताईकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं, आणखी एक चमचा घेतला. मग सवयीनं खुर्ची सरकवून ती माझ्याकडे झुकली आणि तिचे ओठ माझ्या कानाशी आले.

मला ऐकायचं होतं. देवाशपथ, कुठल्याही जेवणासाठी जीव इतका कासावीस झाला नव्हता. ताईच्या त्या पाण्यात तिला काय सापडलं होतं? ताईनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चवीचं केलं होतं, आणि ते काय होतं हे मला या जगात एकच माणूस सांगू शकत होतं. तिचा श्वास कानाला लागला. मी तोंड बाजूला केलं.

“नको सांगूस.”

“पण आई, याच्यात ना...”

“तुझ्या तोंडात आहे ना? मग तुझं आहे ते. कुणाला सांगायचं नाही. खा.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं मी रागावले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तिनं खुर्ची परत जागेवर नेली आणि खायला लागली. आधी माझ्याकडे बघत बघत, मग वाडग्याकडे, मग डोळे मिटून. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ताई शिलाई मशीनवरून तोंडात टाचण्या धरून विचारत होती, मीठ बरोबर आहे का गं.

“बरोबर आहे,” मी म्हणाले. मीठ तेवढं मला कळतं.